अहवालापुरता एक फोटो

तपासणी समिती उद्या येणार म्हटल्यावर शाळेतला समुपदेशन कक्ष दोन वर्षांनी उघडला. आतली मोडकी बाकं जिन्याखाली कोंबली, टेबलावर फुलदाणी ठेवली आणि फोटो काढायचं काम चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडलं. ‘दुःखी विद्यार्थिनी’ म्हणून नाटकात रडून बक्षीस मिळवलेली मुलगी आणली होती. मुख्याध्यापिकाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. मायेचं सोंगही धड वठत नव्हतं. नजर सगळी कॅमेऱ्यावर!

तेवढ्यात नववीतली एक मुलगी दारात आली. डोळे रडून रडून सुजलेले.

“बाई, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“बोलू हं बाळा. आधी तो खिडकीचा पडदा ओढून धर, ऊन येतंय. आणि मागेच थांब, फोटोत दिसू नकोस.”

सरांनी वीस फोटो काढले. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, तशी ती पोरगी पडदा सोडून गुपचूप निघून गेली. सर कॅमेऱ्यातले फोटो चाळत राहिले.

&nbsp;

बाईंनी त्यातला एक फोटो निवडला. “हा झकास आलाय! पडद्याच्या कडेला तिची चार बोटं दिसतायत बघा, तेवढी कापून टाका.”