समजलं नाई

"ही फाईल ठेवू का उडवू, सर?" प्रफुलनं विचारलं आणि चंद्रभान सरांचा चहा बशीत सांडला.

फाईलचं नाव त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच ते दिलं होतं, 'महत्त्वाचे', इंग्रजी अक्षरांत. आणि आज शेजारच्याच खुर्चीवर अन्नपूर्णाबाई बसलेल्या. आता काय करावं माणसानं!

साल दोन हजार आठ. देवळीतलं प्रफुलचं कॉम्प्युटरचं दुकान. संस्थेच्या दोन शाळा दोन गावांत होत्या आणि दोन्हींत मिळून लॅपटॉप एकच. सोमवार ते बुधवार तो चंद्रभान सरांच्या शाळेत असायचा, पुढचे तीन दिवस मराठी शिकवणाऱ्या अन्नपूर्णाबाईंच्या. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी देवळीच्या स्टँडवर या हातातून त्या हातात जायचा. आता संस्थेनं दोन्ही शाळांना नवे, वेगवेगळे लॅपटॉप दिले होते. जुना रिकामा करून परत करायचा होता. म्हणजे यापुढे स्टँडवर भेटायचं काही कारणच उरलं नव्हतं.

त्या दोन दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालत. वर्गातल्या पोरांनाही ते कळलं होतं. सरांना मात्र वाटायचं, कोणाच्या ध्यानात येत नाही. लॅपटॉप देण्याआधी ते जुन्या टूथब्रशनं एकेक बटन साफ करत. बाईंनी त्याच्यासाठी चादरीच्या तुकड्याची जाड पिशवी शिवली होती.

"डीचं बटन अडकून राह्यलं, सर."

"पाहतो मी, बाई."

"चार्जिंग अर्धीच आहे."

"असू द्या."

एवढंच बोलणं व्हायचं. मग बाईंची बस लागायची. चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस, इंग्रजीचा मास्तर, वर्गात तासभर न थांबता बोलणारा. स्टँडवर आला की त्याची दातखीळच बसायची. बहिणींची लग्नं करता करता सरांचं स्वतःचं राहून गेलं होतं. बाईंचंही तसंच, भावांच्या शिक्षणापायी. दोघं एकटे आहेत हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. त्यांनी एकमेकांना सांगायचं तेवढं बाकी होतं.

तोंडानं काही जमेना, तेव्हा सरांनी लिहायचं ठरवलं. कागद भलत्याच्या हाती पडला तर गावभर शोभा. म्हणून वर्ध्याला जाऊन, सायबर कॅफेत बसून, एका बोटानं चार ओळी टाईप केल्या. अडीच तास लागले. 'तुमची हरकत नसेल तर पुढचं आयुष्य सोबत काढू,' ही शेवटची ओळ. पेन ड्राइव्हमधून ती फाईल लॅपटॉपात टाकली आणि लाजेपायी पुन्हा उघडूनही पाहिली नाही.

बुधवारी 'महत्त्वाचे' ही फाईल बघा, एवढंच सांगून सरांनी लॅपटॉप बाईंकडे दिला. तीन दिवस सरांना जेवण गेलं नाही. शनिवारी स्टँडवर त्यांनी कसंबसं विचारलं, "ती फाईल पाहिली का, बाई?"

"पाहिली." बाईंनी मान खाली घातली. "मले काही समजलं नाई, सर."

झालं. भल्या घरची बाई, तोंडावर नाही कशी म्हणेल? अशीच म्हणेल. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. बाईही त्यानंतर गप्प गप्प राहू लागल्या. दोन वर्षं नुसतं बटन आणि चार्जिंग. जीव तुटायचा हो त्यांचा. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत ते तिथंच उभे राहत आणि मग घरी जाऊन एकट्यापुरता भात टाकत. फाईल खोडायला हात धजला नाही. उघडायला तर त्याहून नाही.

आज उत्तराची वाट न पाहता प्रफुलनं ती उघडलीच. "यात काही नाई, सर, नुसता कचरा आहे. डिलीट मारतो." पडद्यावर पहिली ओळ होती:

fiz; vUuiw.kkZckbZ

सर ताडकन उभे राहिले. "हे काय? मी तर मराठीत लिहिलं होतं!"

"तो फॉन्ट नाई न या मशीनमंधी. तुम्ही जिथं टाईप केलं तिथं असन. फॉन्ट नसला का मराठीचं असंच दिसते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून असंच असन, सर."

सर मटकन खाली बसले. दोन वर्षं! बाईंकडे बघायची त्यांची हिंमत होईना. बाई मात्र पडद्याकडे एकटक बघत होत्या.

"म्हणजे हे इंग्रजी नाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणत्या देशातलं, मॅडम?" प्रफुल खदखदून हसला.

बाई हसल्या नाहीत.

"मले वाटलं, तुम्ही इंग्रजीचे सर, तुम्ही इंग्रजीतच लिहिलं असन. समजलं नाई म्हटल्यावर तुम्ही बोलणंच सोडलं. मले अडाणी समजले असान, असं वाटलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पूर्ण वहीत उतरवून घेतलं मी. तेव्हापासून रोज डिक्शनरी घेऊन बसते, सर. एक शब्द सापडून नाई राह्यला."