नेमाची खुंटी

जत्रेत फुगे फोडायच्या गाड्यावर माझा नवरा शंभुराज उभा राहतो, पण त्याच्या छर्र्याच्या बंदुका घरी मीच दुरुस्त करते. पेचकस, पाना, पक्कड अन् ग्रीसचा डबा माझ्या चुलीपशीच असतो. स्प्रिंग बदलायची, वायसर बसवायचा, अन् शेवटी नळीवरची नेमाची खुंटी पकडीनं जराशी डावीकडं वाकवायची. मग गिऱ्हाईकानं कितीबी नेम धरला तरी छर्रा फुग्याच्या उजवीकडूनच जातो.

"धा फुगे फोडा, कुकर घेऊन जा!" असं हा तीन वर्षं ओरडायलाय. मी मागितला तर म्हणतो, "धंद्याचा हाय तो. भगुन्यात शिजत न्हाई का?"

काल चारठाण्याच्या जत्रेत भाकरी घेऊन गेले अन् म्हणलं, "ह्या बंदुकीची स्प्रिंग ढिली पडायलीय."

"बाईच्या जातीला बंदुकीतलं काय कळतंय? भाकरी ठेव अन् चालती हो!" भरल्या गर्दीत खेकसला. लोकं फिदीफिदी हसले.

भाकरी ठेवली. फळीवर वीस रुपये आपटले अन् तीच बंदूक उचलली. दर फुग्याच्या चार बोटं डावीकडं नेम धरत गेले. धाच्या धा फुटले.

"बंदुकीत खोट हाय!" तो वरडला. "कसली खोट?" म्हणत लोकं पुढं सरकले.

कुकर काखेत मारून मी म्हणलं, "सांगा की सगळ्यायला, काय खोट हाय ते."