माउंटखाली

"उजवीकडून माउंट दोन बोटं आत घे. तेवढी तू झाकली जाशील, बाकी सगळे नीट दिसतील," दादा म्हणाला आणि आईच्या वाढदिवसाचा फोटो त्याने काउंटरवर, काचेच्या चुऱ्यातच ठेवला.

फ्रेमवालीने आधी फोटो उचलून चुरा झटकला. मग पाहिलं. मधोमध आई, भोवती मुलगे, सुना, नातवंडं, सगळी दात दाखवणारी. उजव्या टोकाला ती स्वतः. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, दोन बोटं आत सरकवला की ती गेलीच.

"तोंड बघ ना तुझं! एरंडेल पाजल्यासारखं. हॉलमध्ये लावायचाय गं, येणारे-जाणारे विचारतात."

तिच्या हातात काच कापायचा हिरा होता, समोर अर्धवट आखलेली काच. कानाच्या पाळ्या तापायला लागल्या.

राग तिला आधी कानांत येतो. मग जीभ सुटते. मग आठ दिवस घरात एकच विषय, ही कशी बोलली! समोरचा काय म्हणाला होता, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. तापल्या कानांनी काच कापू नये, हे ती पेटीभर काच वाया घालवून शिकली होती. माणसांच्या बाबतीत शिकायला जरा जास्त वेळ लागला.

तिने हिरा खाली ठेवला.

दादाला हुरूप आला. "चिडलीस ना? बघ, चिडलीस!"

या प्रश्नाला लहानपणापासून तिचं एकच उत्तर होतं, "नाही!" तेही असं किंचाळून, की शेजाऱ्यांनासुद्धा कळावं, चिडलीय.

आज ती फडक्याने फोटोची कड पुसत राहिली, कान निवेपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "चिडलेय."

दादा आरडाओरड्याच्या तयारीने आला होता. या 'हो'चं काय करायचं, ते त्याला कळेना. "अगं, मी आपलं..."

"फोटोतही चिडलेलीच आहे. फोटोवाला 'हसा' म्हणायच्या आधी तू पाहुण्यांना सांगितलंस, हिच्या तोंडामुळेच हिला नवऱ्याने सोडली. सगळे हसले." तिने फोटो त्याच्याकडे फिरवला. "तेच हसू आहे हे."

"गंमत केली गं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"मग डावीकडून घेऊ का दोन बोटं आत? त्या टोकाला तू आहेस. गमतीत."

दादाने फोटो पाहिला. डावं टोकही पाहिलं.

तिने हिरा उचलला, श्वास रोखला आणि एका ओढीत काचेवर रेघ मारली. टक्. काच सरळ दुभंगली, कुठे टवका नाही. मग टेप काढून तिने फोटो मापला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतःच्या कोपरासकट.

"चौकट मोठी लागेल, दादा."