सीलबंद पोतं

आईच्या दहाव्याला पिंड मांडून दोन तास झाले, तरी कावळा शिवेना. महिपतीने नदीकाठी उभ्याउभ्या सगळी वचनं देऊन पाहिली: बहिणीला अंतर देणार नाही, दारू सोडेन, भावाशी बोलेन. कावळा बाभळीवर बसून तक्रारी ऐकणाऱ्या साहेबासारखा ऐकत होता.

"पिंड कशाचा केलास रं?" आत्याने विचारलं.

"रेशनच्या तांदळाचा."

गावच्या सुगंधी तांदळाला सरकारी मानांकन मिळाल्यापासून खोरवडीत तो कुणी खात नसे. भाव चौपट झाला, घरांवर स्लॅब पडले, आणि खाण्यापुरता ठेवायचा तांदूळही सीलबंद पोत्यांतून शहरात जाऊ लागला. ज्या म्हातारीने त्याचं बियाणं चाळीस वर्षं मडक्यात जपलं, ती शेवटच्या आजारात त्याच्या पेजेसाठी झुरली. "सील तोडलेलं पोतं व्यापारी घेत न्हाई गं आई," असं महिपतीने तिला तीनदा समजावलं होतं.

"मग तोड आता," आत्या म्हणाली.

तो घरी गेला, पोतं फोडलं, भात शिजवून आणला. झाकण काढून नवा पिंड मांडताच सगळा काठ दरवळला. कावळा खालच्या फांदीवर उतरला. पण महिपतीचं लक्ष माणसांकडे गेलं. तो तांदूळ पिकवणारं अख्खं गाव गुपचूप पिंडाभोवती सरकलं होतं. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

आत्याने कावळ्याला हात जोडले.

"लवकर शिव गं वहिनी," ती म्हणाली, "न्हाईतर आम्हीच शिवतो."