पाव्हणी

सिद्धरामाची शप्पत, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. मंद्रूपची गोजरबाई सोलापुरात लेकाकडं कायमची राहायला आली. सून पिंकी लई गुणाची. सासू कोपऱ्यावरनं भाजी घिऊन आली तरी दारात तांब्या घिऊन हजर. "पाय धुवा आत्या, बसा खुर्चीत."

शेजारची मुमताज मातर थेट सैपाकघरात शिरायची. तिला पिंकी खुशाल डाफरायची, "उभी काय ऱ्हायलीस? भाकरी थाप की!"

ते ऐकून गोजरबाईला मुमताजचा हेवा वाटायचा. तिची आई सांगायची, पाव्हणा ह्यो शब्द पाय धुवायच्या पाण्यातनं जल्मला. ज्याच्या पायावर पाणी, त्यो घरचा न्हवं.

एक दिवस ती तांब्याकडं न बघताच आत घुसली, मुमताजच्या हातातला पिठाचा गोळा हिसकावला आन थापायला बसली. पिंकी वरडली, "आत्या, भाकरी हाय का जातं? पातळ थापा की जरा!" गोजरबाई गालात हसली.

आता शप्पत घेतलीया म्हनून एवढं कबूल करते. पिंकी वरडली न्हवती. ती हळूच म्हनली, "ऱ्हाऊ द्या आत्या, मुमताज हाय की."