सात घरांच्या साखरेचा केक

सात घरांनी आपापल्या वाट्याची रेशनची साखर काढून दिली, त्यातून ल्युडमिलाबाईंनी तीन थरांचा केक उभा केला, आणि ज्याच्यासाठी केला तो एल्डन प्रूइट दोन दिवस झाले तरी त्याला सुरी लावायला तयार नव्हता. खोल्या भाड्याने द्यायला लागून बाईंना एकवीस वर्षं झाली होती. दारुडे बघितले, घोरणारे बघितले; इतका उर्मट नव्हता बघितला.

लढाई संपून दोनच दिवस झाले होते. शिकागोच्या रस्त्यांवर आनंदाने उधळलेले कागदाचे कपटे अजून तसेच होते. एल्डन विद्यापीठात काम करायचा. कसलं म्हणून विचारलं तर ‘धातूचं’ म्हणायचा. ते काम जपानवर टाकलेल्या बॉम्बचं होतं, हे पेपरात आलं तेव्हा गल्लीला कळलं. तेव्हापासून बायका दारात येऊन त्याचा हात हातात घेत होत्या. तो मात्र हात सोडवून घ्यायचा आणि जिना चढून वर जायचा.

आज संध्याकाळी जेवायच्या वेळेला तो खाली आला तो बॅग घेऊनच.

“बाई, माझं रेशनचं पुस्तक द्या. मी दुसरीकडे खोली बघतो.”

भाडेकरूंची रेशनची पुस्तकं बाईंच्या कपाटात असायची. पुस्तक मागितलं म्हणजे माणूस घर सोडून चालला.

दुसरा भाडेकरू म्हातारा ओटिस, निवृत्त ट्राम कंडक्टर, समोर बसून आंबवलेला कोबी चिवडत होता. “साहेब मोठे झाले. आता आपला कोबी कुठला गोड लागायला!”

“तू जेव गुमान,” बाई म्हणाल्या. “काय रे, काय खुपलं तुला माझ्या घरात?”

“काही नाही. तुमच्या केकवर माझा हक्क नाही.”

“का? बॉम्ब तूच केलास ना?”

“केला. मी आणि पुष्कळांनी. आणि तो गावावर टाकू नका म्हणून वॉशिंग्टनला कागद धाडला, त्यावर सहीपण केली. गेल्या महिन्यात.”

ओटिसचा काटा वरच्या वर थांबला.

“टाकू नका?”

“आधी त्यांना सांगा काय येतंय ते, असं लिहिलं होतं. शरण यायला एक संधी द्या.”

“आणि नसते आले शरण?” बाईंनी विचारलं.

एल्डनने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तर योसेफला जपानच्या किनाऱ्यावर लढायला उतरावं लागलं असतं.”

योसेफ बाईंचा धाकटा. त्याची पत्रं इंग्रजीत यायची, आणि बाईंना वाचता यायची ती फक्त माहेरची चेक भाषा, तीही बोट ठेवून. म्हणून प्रत्येक पत्र याच टेबलावर एल्डननेच वाचलेलं. सेन्सॉरने जागोजाग कापून भोकं पाडलेली असायची, तिथे तो थांबायचा आणि अंदाजाने पुढे जायचा. ‘रोज बोटीतून वाळूवर उड्या मारतोय आई, पाय सोलून निघाले.’ त्या उड्या कशाची तयारी होती ते भोकांमधूनही कळत होतं. थोरला कारेल मे महिन्यात ओकिनावाच्या लढाईत मारला गेला, त्याची तारसुद्धा एल्डननेच वाचली होती.

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“होतं. सहीच्या आदल्याच दिवशी तुम्हाला त्याचं पत्र वाचून दाखवलं होतं.”

ओटिसने खुर्ची मागे ढकलली. “अरे, जिचं मीठ खाल्लंस तिच्याच पोरावर उठलास? एक मातीत गेला तो पुरला नाही तुला?”

“तिथे गावात शाळा होत्या, ओटिस.”

“आणि बोटीत योसेफ होता!”

“होता,” एल्डन म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. “पेन हातात घेतलं तेव्हा तोच डोळ्यांसमोर होता. तरी केली सही. बरोबर केली का, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही.”

बाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

“हे सांग म्हणून कुणी तुझ्या मागे लागलं होतं?”

“नाही.”

“बाकीचे सहीवाले?”

“गप्प आहेत. तो कागद कुलपात आहे.”

“मग तूही केक खाऊन गप्प राहायचंस. मी मरेपर्यंत मला कळलं नसतं.”

“म्हणूनच घास उतरेना.”

बॉम्बची बातमी आली तेव्हा बाई याच फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. पहिल्या बॉम्बला एकदा, दुसऱ्याला एकदा, देवाचे आभार मानायला. त्याची त्यांना आज लाज वाटत नव्हती, उद्याही वाटणार नव्हती. गेल्या दोन दिवसांत पाद्री आला, खाटीक आला, शेजारणी आल्या. जो तो त्यांना गोड वाटेल तेवढंच बोलून गेला. त्यांचं तोंड कडू होईल असं सांगायला हा एकटाच जिना उतरून आला होता, स्वतःच्या पायांनी, मार खायची तयारी ठेवून. बाईंना राग आला होता. चांगला कानशिलापर्यंत आला होता. पण त्या काडीसारख्या पोरापुढे तो राग ताठ उभा राहीना.

त्यांनी त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली, कोपऱ्यात टाकली, आणि ताट वाढून त्याच्यापुढे आदळलं.

“बस. आणि ऐक. तुझं चुकलं. मी मरेपर्यंत हेच म्हणेन. योसेफ आला की त्याच्या तोंडावर हे सगळं सांगायचं, आणि त्याने थोबाडीत दिली तर मुकाट खायची. पण तुझ्यासारखा चुकणारा एखादा, ज्यांनी ही लढाई काढली ना, त्यांच्या घरात असता, तर माझा कारेल आज तुझ्या शेजारी जेवायला असता.”