प्रार्थनेची विनंती

बसा जरा, चहा टाकलाय. तोवर एक गोष्ट सांगतो, आमच्याच खडकीतली, आमच्याच घरातली.

आमची कृपा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्न ठरलेलं, मुलगा आपल्याच चर्चमधला. त्यात पोरीला एक दुखणं निघालं. आईला म्हणाली, "त्याला मी स्वतः सांगणारय. तोवर कुणाकडं बोलू नकोस."

पण आमची ही भोळी. चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत रीतच अशी, की उभं राहून आपली अडचण सांगायची, मग सगळ्याजणी डोळे मिटून तुमच्यासाठी प्रार्थना करतात. हिनं दुखणं नावासकट सांगितलं. सगळ्याजणी रडल्या. काय सुंदर प्रार्थना झाली म्हणे!

रविवारच्या आत मुलाच्या आईचा फोन. "वहिनी, आम्ही पण कृपासाठी रोज प्रार्थना करतोय हो. लग्नाचं मात्र राहू द्या."

पोरगी एवढंच म्हणाली, "आई, मी फक्त तुला सांगितलं होतं."

"अगं, मी तरी कुणाला सांगितलं? येशूलाच ना!"

"येशूला सांगितलं असतंस, तर त्यानं समजून घेतलं असतं. आणि फोन कुणालाच केला नसता."

तेव्हापासून ही स्वयंपाकघराचं दार लावून एकटीच प्रार्थना करते.

घ्या, चहा घ्या. आणि घरी गेलात की आमच्या कृपासाठी दोन शब्द प्रार्थना करा. दुखणं कसलं, ते मला विचारू नका. ज्याच्याशी बोलाल, त्याला ठाऊक आहे.